सामाईक ऊन

रत्नागिरीत मारुती मंदिरापासून थोडं आत गेलं की चार मजली इमारतींची एक रांग लागते. त्यांतल्या एकीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी, एप्रिलच्या सुरुवातीला एक कागद लागला. ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने केले असल्याने सभासदांनी व भाडेकरूंनी मासळी, पापड, कोकम अथवा तत्सम कोणतेही पदार्थ गच्चीवर वाळत घालू नयेत.’ खाली सोसायटीचा शिक्का आणि सही. त्यात वावगं काही नव्हतं. गच्ची गळत होती, वर्गणी काढून काम झालं होतं, आणि ते टिकावं असं वाटणं रास्तच आहे. तरी तो कागद मनातून जाईना. तक्रार एका घराच्या बोंबलांवरून सुरू झालेली, हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. एका घराला बोट दाखवायला नको म्हणून वीस घरांचं वाळवण बंद केलं होतं. पापड आणि कोकम तिथे केवळ सोबतीला आले होते. अशानं भांडण मिटल्यासारखं दिसतं. पण ज्या घराचे बोंबील होते त्या घराला नेमकं कळतं की बाकीच्या एकोणीस घरांचं ऊन आपल्यामुळे गेलं, आणि त्या एकोणीस घरांनाही ते तसंच कळतं.

अशा इमारतीत कोण कोण राहतं ते दुपारी बाराच्या सुमारास जिना चढताना समजतं. तळमजल्यावर कुळथाच्या पिठल्याला दिलेली लसणीची फोडणी, पहिल्यावर कांदा-खोबरं भाजल्याचा तांबूस वास आणि त्याच्या आडून त्रिफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. दुसऱ्यावर खोबरेल तेलात तडतडलेला कढीपत्ता. तिथे केरळची परिचारिका राहते. समोरच्या दारातून मोहरीच्या तेलाचा झणका येतो, ते फरशीची कामं घेणारं उत्तर प्रदेशातलं कुटुंब. तिसऱ्यावर कोकणी मुसलमानांची दोन घरं, एकातला कर्ता मुलगा कुवेतला. त्यांच्या शेजारी बदलीवर आलेले सांगलीकडचे बँकेतले साहेब. वर निवृत्त मास्तर, मेतकूट-भात आणि तूप. मिरकरवाडा बंदराकडून वर राहायला आलेलं खारवी, म्हणजे मासेमारी करणारं कुटुंबही चौथ्यावरच. जिन्याखालच्या खोलीत नेपाळी राखणदार. त्याचे भाऊबंद हंगामात पावसच्या बाजूला आंब्याच्या बागा राखतात. ही काही वेगळी, निवडून काढलेली इमारत नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, कॉलेजं वाढली, कारखाने आले, आखाताचा पैसा घरांत गुंतला. रत्नागिरीतली, चिपळुणातली, कुडाळातली अर्धीअधिक इमारत आज अशीच भरलेली असते.

पूर्वी हे वास एकमेकांपासून लांब होते. गाव वाड्यांचं होतं. भंडारवाडी, खारवीवाडा, बामणवाडी, कुणबीवाडी, मोहल्ला. मध्ये वहाळ, बांध, काजूची राई. प्रत्येक घरापुढे आपलं खळं. दिवाळीच्या सुमाराला ते चोपून सारवलं की मृगापर्यंत त्या खळ्यावरचं ऊन त्या घराचं. कोणाचा सुका जवळा कोणाच्या नाकाला लागायचा प्रश्नच नव्हता, कारण अंतरच पुष्कळ होतं. त्या अंतरात माया किती होती आणि विटाळ किती, हे नीट आठवून बघायला हवं. जुन्या वाड्यांचं कौतुक करताना आपण ते सोयीनं विसरतो. इमारतीनं अंतर काढून टाकलं, खळं काढून टाकलं आणि वीस घरांना मिळून सिमेंटची एक गच्ची दिली. जागा साधारण दोन हजार चौरस फूट, त्यातून टाक्या, जिन्याची खोली, डिश अँटेना आणि सोलरचे पाइप वजा केले की उरते ती हजार-बाराशे. तिथे एप्रिलचा दुसरा पंधरवडा आणि पूर्ण मे, एवढंच सहा आठवड्यांचं कामाचं ऊन. पुढे वळीव आणि मग पाऊस, तोही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा.

या सहा आठवड्यांत सगळ्यांनाच काहीतरी वाळवायचं असतं.

मास्तरांच्या घरी रातांबे येतात. फळ धुऊन, पुसून, उभं दोन भाग करायचं, बी आणि गर चिनी मातीच्या बरणीत किंवा स्टीलच्या टोपात काढून त्यात जाडं मीठ घालायचं, टरफलं पसरायची. त्या गराला मिठानं रस सुटतो. संध्याकाळी टरफलं त्या रसात बुडवून ठेवायची, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे एक पुट. अशी पाच ते सात पुटं झाली की आमसूल काळसर, मऊ आणि चिवट होतं. चार पुटांवर थांबवलं तर दिसायला तयार दिसतं, पण आषाढात बरणीत पांढरी बुरशी धरते. अॅल्युमिनियमच्या ताटात रातांबे वाळत घालू नयेत, आंबट रस धातू खातो आणि आमसुलाला कडवट चव येते. हाच रस सिमेंटलाही खातो. कोब्यावर दोन दिवस रस ठिबकला की आधी जांभळा डाग, आणि तो घासताना पांढरा कोट भुसभुशीत होऊन निघतो. म्हणजे नोटिशीत कोकमाचं नाव कशाही कारणानं आलेलं असो, त्याला कारण आहे. ते लिहिणाऱ्याला माहीत नसावं, इतकंच.

सांगलीकडच्या घराला कुरडया हव्यात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, उकळत्या मिठाच्या पाण्यात शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. कोकणातल्या दमट हवेत कुरडईला देशावरच्यापेक्षा दिवसभर तरी जास्त ऊन लागतं आणि ते पहिल्या दिवशी कडकच लागतं. पहिल्या दुपारी मळभ आलं तर चीक आंबतो, कुरडई पिवळी पडते आणि तळताना फुलत नाही. केरळच्या घरी ताकात भिजवलेल्या मिरच्या. दिवसा उन्हात, रात्री परत त्याच ताकात, ताक संपेपर्यंत. उत्तर प्रदेशातल्या घरी आंब्याच्या रसाचं अमावट. इथल्या माणसाला ते बघून आश्चर्य वाटत नाही, कारण शेजारच्याच ताटात साठं वाळत असतं. रस तोच, ताटाला तुपाचा हात तोच, पहिला थर सुकल्यावर दुसरा ओतायची रीतही तीच. खालच्या मजल्यावर तांदळाच्या फेण्या, पोह्यांचे मिरगुंड, मीठ लावलेली आंबोशी. चादरी ओळखून कोणतं वाळवण कोणाचं ते सांगता येतं. अर्ध्या चादरी जुन्या लुगड्यांच्या, एक-दोन आखाती ब्लँकेटांच्या रिकाम्या पिशव्या कापून केलेल्या.

आणि मासळी. इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण ज्यांना तिचा त्रास होतो त्यांतल्या फार थोड्यांना ती गच्चीवर का येते ते माहीत असतं. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ते दोन महिने आणि पुढे समुद्र निवळेपर्यंत खारव्याच्या, दालद्याच्या, भंडाऱ्याच्या घरात कालवणाला आधार असतो तो सुक्याचा. फ्लॅटमध्ये राहणारं घर शक्यतो ओली मासळी वाळवतच नाही. बोंबील, जवळा, सोडे सुके विकत आणलेले असतात आणि त्यांना भरून ठेवण्याआधी दोन-तीन ऊन दाखवायची असतात, कारण बाजारातलं सुकं वजनाला चांगलं यावं म्हणून जरा ओलसरच असतं. हे काम दोन-तीन दिवसांचं. बोंबलाची डोकी आणि शेपट्या आधी कापून टाकल्या की वास निम्मा होतो, आणि नंतर कापायच्या त्या असतातच. बोंबील वाकवला आणि मोडला तर झाला, नुसता वाकला तर अजून एक ऊन. सोड्यांवर अंगठ्याचा ठसा उठता कामा नये. भरताना डब्यात गरम असताना भरायचं नाही. सावलीत तास-दोन तास निवू द्यायचं. गरम भरलं तर झाकणाला आतून वाफ धरते आणि श्रावणात उघडाल तेव्हा सोड्यांना हिरवी लव आलेली असते.

खारवलेला बांगडा हे मात्र वेगळं प्रकरण आणि खरी कुरबूर त्याच्यावरून होते. तो पोटातून चिरून, साफ करून, साधारण चार भाग मासळीला एक भाग जाडं मीठ लावून रात्रभर दाबून ठेवतात. सकाळी त्याला सुटलेलं पाणी टाकून तीन-चार दिवस वाळवतात. पहिल्या दिवशी तो ठिबकतो. ते खारं पाणी कोब्यावर जिथे पडतं तिथेच साचतं, वाळतं, परत पडतं.

या मिठाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढू लागतं. रत्नागिरीत मे महिन्यातसुद्धा दिवेलागणीनंतर हवा त्या आकड्याच्या पुढे जाते. म्हणूनच जुन्या बायका खारवलेलं काहीही पाचच्या आत घरात घेत आणि सकाळी गच्ची सुकल्यावर, नऊनंतरच बाहेर काढत. दिवसभर वाळलेला बांगडा रात्री बाहेर राहिला तर सकाळी त्याच्या अंगाला चिकट पाणी असतं आणि कालचं ऊन फुकट गेलेलं असतं. हेच मीठ इमारतीच्या हाडांतही जातं. समुद्रावरून येणारा वारा वर्षभर ते भिंतींवर, छज्जांवर, गच्चीवर आणून टाकतो. ते काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत मुरतं, पाणी धरून ठेवतं आणि सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. त्या फुगण्यानं काँक्रीट सळईच्या रेषेत चिरतं, मग स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा पडतो आणि आत तांबडी, पातळ झालेली सळई दिसते.

भारतीय मानक ४५६, सन २००० चं, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आच्छादन आणि ताकदीचा किमान एम ३० दर्जा सांगतं. किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींची छतं फोडली तर वीस मिलिमीटरसुद्धा सलग सापडत नाही, कारण स्लॅब भरताना सळईखाली ठेवायचे ठोकळे सरकलेले असतात किंवा ठेवलेलेच नसतात. पोपडा पडला की गवंडी बोलावून तेवढ्यावर सिमेंट लिंपतात, आणि ते दोन पावसाळ्यांत परत पडतं. सळईच्या मागपर्यंत खोदून, तारेच्या ब्रशनं गंज काढून, गंजरोधक लावून, चिकटणारा कोट देऊन मगच पॉलिमर मिसळलेला मसाला भरला तर काम टिकतं. तेही शेजारचं खारवलेलं काँक्रीट तसंच ठेवलं तर पॅचच्या कडेनं नवा गंज सुरू होतो. पंधरा वर्षांपुढच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं असं गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे. किती सोसायट्यांच्या सभेत तो विषय निघतो? बोंबलांचा निघतो.

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. इमारतीला खाणारं मीठ समुद्रावरून येतं, ते सगळ्यांच्या छतात सारखं जातं, त्याला मजला आणि आडनाव नाही. त्याच्यापुढे शेजारणीच्या तीन दिवसांच्या सुक्याचा दोष अगदी किरकोळ आहे. त्यातलं जे खरोखर नुकसान करतं, म्हणजे ठिबकणारं खारं पाणी, त्याला उपाय आहे आणि तो कोणाच्या खाण्याचं नाव न घेता लिहिता येतो: गच्चीच्या कोब्यावर काहीही थेट ठेवायचं नाही. बस. मग तो बांगडा असो की रातांबा.

वाळवण उंचावर घालायचं. अडीच-तीन फूट उंचीची बांबूची किंवा पीव्हीसी पाइपची चौकट, तिच्यावर नायलॉनची जुनी जाळी ताणलेली, पायांना रबरी बुचं. लोखंडी खाट नको. तिचे पाय उन्हात मऊ झालेल्या कोटात रुततात आणि तो कोट असतो जेमतेम मिलिमीटरभर जाड. ठिबकणारं असेल त्याच्याखाली प्लास्टिकचा ट्रे, आणि त्यातलं पाणी न्हाणीत ओतायचं, पन्हाळ्यात नाही. उंचावर घातल्याचा फायदा वाळवणालाही होतो. वारा खालून-वरून दोन्हीकडून लागतो, वेळ वाचतो, वाळूचा कण येत नाही, मुंग्या पोचत नाहीत. वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चारी बाजूंनी चिमट्यांनी लावला की कावळा आणि माशी दोन्ही गेले. कावळ्याचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. तो बोंबलाचं डोकं उचलून टाकीवर बसतो, आणि टाकीचं झाकण तडकलेलं असेल तर ते डोकं वीस घरांच्या पिण्याच्या पाण्यात जातं. मासळीवर बंदी घालण्याच्या आधी टाकीची झाकणं बदलावीत. ती तशीही बदलायची असतात.

उरला वास. त्यालाही वारा जाणला तर वाट आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहापर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे, मतलई. अकरा-बाराला तो फिरतो आणि संध्याकाळपर्यंत पश्चिमेचे, वायव्येचे खारे वारे. मासळी तर नऊनंतरच बाहेर यायची असते, म्हणजे तिचा बहुतेक वेळ खाऱ्या वाऱ्यातला. तेव्हा मासळीची जागा पूर्वेच्या कठड्याशी आणि कपड्यांच्या दोऱ्या पश्चिमेला, इतकं केलं की वास इमारतीवरून न जाता बाहेर जातो. सुती कपडा ओला असताना वास धरतो, वाळलेला फारसा नाही. म्हणून कपडे सकाळी सातला घालून अकराच्या आत काढले तर दोन्ही गोष्टी एकमेकींना फारशा भेटत नाहीत. टाक्यांच्या बाजूचा पट्टा मोकळा. पापड-कुरडयांना मधली जागा, कारण त्यांना कठड्याची सावली अजिबात चालत नाही. गच्चीच्या दाराआड खडूनं चौकोन आखून वार लिहिले की दर दिवशीची बोलाचाली संपते. भाडेकरूंनाही त्यात चौकोन हवा. ते देखभालीचा खर्च भाड्यातून भरतातच आणि मालक सोसायटीला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनवापर शुल्क (स्वतः राहत नाही म्हणून) देतो ते वेगळं. तरी गच्चीची किल्ली मागायला गेल्यावर भाडेकरणीला ज्या नजरेनं बघतात, ती नजर या सगळ्या वासांपेक्षा जास्त झोंबते.

सामाईक जागेत कोणी कोणाशेजारी बसायचं, हा प्रश्न या गावाला नवा नाही. १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना एकाच गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून, भागोजीशेठ कीरांच्या पैशानं आणि सावरकरांच्या आग्रहानं. त्या काळात सहभोजनांवरून घरंच्या घरं दुभंगली होती. आज एका पंगतीला बसण्याचं कोणाला काही वाटत नाही, निदान उघडपणे. पण वाळवणापाशी ते जुनं काहीतरी परत डोकं काढतं. ‘आम्हाला वासाचा त्रास होतो’ हे वाक्य खरंही असतं. शाकाहारी घरात वाढलेल्या माणसाला सुक्या मासळीच्या वासानं खरोखर मळमळतं, त्याला खोटं ठरवणं अन्याय आहे. त्याच वाक्याच्या आडून कधी दुसरंच बोललं जातं, हेही खरं. बाहेरून ऐकताना दोन्ही सारखीच ऐकू येतात. वार आणि चौकोन आखून दिले की ज्याला फक्त वासाचा त्रास होता त्याचं समाधान होतं. ज्याचं होत नाही, त्याची तक्रार कशाबद्दल होती ते मग आपोआप समजतं.

उलटं चित्रही तितकंच खरं, आणि ते नोटीस लिहिणाऱ्यांनी बघितलेलं असतं. वळवाचे ढग चढले की गच्चीवर जो पहिला पोचतो तो सगळ्यांचं उचलतो. तेव्हा कोणी चादर ओळखत बसत नाही. ‘भाभी, तुमचे सोडे मी जिन्यात ठेवलेत हां, वरून परात झाकली आहे,’ असं मास्तरांच्या घरातून खाली हाक जाते, आणि तिसऱ्या मजल्यावरून उत्तर येतं, ‘चालेल काकी, तुमच्या फेण्या माझ्याकडे आल्यात, सूप मागाहून देते.’ सोड्याला हात लावून मग हात धुणं, फेणी उचलताना ओढणीचा पदर सावरणं, हे ज्याचं त्यानं आपल्यापुरतं सांभाळलेलं असतं. २०१८ ते २०२१ या वर्षांत रमजान बराचसा ऐन वाळवणाच्या दिवसांत आला होता. चांद्र वर्ष दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतं, म्हणून तो योग पुन्हा यायला तीसेक वर्षं जातील. मे महिन्यात रोजा धरून बिनलिफ्टच्या इमारतीत दुपारी गच्चीचे जिने चढणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्या शेजारणी आपण होऊन त्यांची चौकट फिरवतात, उलटापालट करतात. याला कोणी सलोखा वगैरे म्हणत नाही. वर गेलंच आहे तर त्यांचंही बघावं, एवढाच त्यात हिशोब असतो.

आता या सगळ्यावर एक नवं संकट आलं आहे आणि ते नोटिशीपेक्षा मोठं आहे: पत्रा. गळती थांबेना म्हणून कोकणातल्या इमारतींनी गच्चीवर पत्र्याची शेड घालायला सुरुवात केली, आणि आता घातली नाही ती इमारत शोधावी लागते. शेडचा उपयोग आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. जून ते सप्टेंबर गच्ची कोरडी राहते, वरच्या मजल्याचा उकाडा कमी होतो, पावसात कपडे वाळतात. पण शेडच्या चुकाही ठरलेल्या आहेत. खांबांच्या तळपट्ट्या स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवतात आणि तिथूनच नवी गळती सुरू होते, कारण बोल्ट वॉटरप्रूफिंग भेदून खाली जातो. त्याऐवजी तळपट्टीखाली काँक्रीटचा छोटा चौथरा करून त्याच्यात खांब धरला तर जुना थर फुटत नाही. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हानं चार-पाच वर्षांत कडक होतात, ते बदलायचे असतात हे कोणाच्या लक्षात नसतं. खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी पाइप रंग उडाल्यावर फार लवकर जातो. आणि वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा दापोली-मंडणगडात घरांचे आणि शेडचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. चार मजल्यांवरून सुटलेला पत्रा खाली कोणावर पडेल याचा विचार ज्या कंत्राटदाराच्या दरपत्रकात नाही, त्याला काम देऊ नये.

वाळवणाच्या दृष्टीनं शेड म्हणजे ऊन कायमचं गेलं. पत्र्याखाली गरम होतं, पण पापड नुसत्या उष्णतेनं नीट वाळत नाही. त्याला ऊन आणि वारा दोन्ही लागतात. शेडखाली घातलेली कुरडई बाहेरून कडक आणि आतून ओली राहते. साठ्याला तर तिथे दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. वाट काढता येते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य रत्नागिरीच्या बरोबर माथ्यावर येतो, म्हणजे दुपारी ऊन सरळ खाली पडतं. त्यामुळे शेडचा एक गाळा, समजा दहा फूट बाय वीस फूट, नुसता उघडा सोडला तरी तिथे अकरा ते दोन चांगलं ऊन मिळतं, आजूबाजूच्या पत्र्याची सावली फारशी आड येत नाही. तेवढ्याच भागाला खालून चांगलं वॉटरप्रूफिंग करायचं, उताराला शंभरास एक ढाळ द्यायचा, कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई नीट घोटून घ्यायची, कारण गळती बहुतेक वेळा मैदानातून होत नाही, कडेतून आणि पाइपाच्या भोवतालून होते. काम झाल्यावर पन्हाळ्याचं तोंड बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस उभं करायचं आणि खालच्या घरांची छतं बघून यायचं. ही चाचणी घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. उघडा गाळा नकोच असेल तर तिथे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे घालून चारी बाजू मोकळ्या ठेवता येतात. ऊन थोडं कमी लागतं, पण वळीव आला तरी धावाधाव नाही. खर्च साध्या पत्र्यापेक्षा जास्त येतो आणि काही वर्षांत पत्रा पिवळा पडतो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शेडचा ठराव होतो कधी, तर वार्षिक सभेत, आणि ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. म्हणजे प्रत्यक्षात गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या एखाद्या रविवारी. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीन महिने टपकलेलं छत असतं, भिंतीवरची बुरशी असते, बादल्या असतात. ऊन कोणाला आठवतच नाही. त्यातून सभेला येतात ते बहुतेक पुरुष, आणि वाळवण घालणाऱ्या बायका त्या वेळी घरात वाळवणच तळत असतात. एकमतानं ठराव होतो, वर्गणी ठरते, आणि एप्रिलमध्ये कोणीतरी रातांब्यांची टोपली घेऊन वर जातं तेव्हा वर पत्रा असतो. गच्चीचा निर्णय एप्रिलमध्ये, गच्चीवरच बसून घेतला पाहिजे. त्याला वार्षिक सभेची वाट बघावी लागत नाही. एक पंचमांश सभासदांनी सह्या करून लेखी मागणी केली तर समितीला महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते आणि तिला पाच दिवसांची नोटीस पुरते. वीस घरांच्या इमारतीत म्हणजे चार सह्या. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर सही त्याची लागते, तेव्हा त्याला आधी वर नेऊन चौकट, चौकोन आणि वारा दाखवावा. एक सही मास्तरांची, एक तिसऱ्या मजल्यावरची, एक खारव्यांची. चौथी सांगलीकडच्या साहेबांच्या घरमालकाकडून आणावी लागेल. तो पुण्याला असतो, पण त्याच्या आईच्या फणसपोळ्या याच गच्चीवर वाळत असत, आणि फोनवर तेवढं सांगितलं की बहुधा तो नाही म्हणणार नाही.